सडकेपूर्वीचे प्रवासी

इसवी सन १९०४ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारतर्फे देशातील रस्त्यांची मोजदाद करण्यात आली. शहरांबाहेरील सार्वजनिक रस्त्यांची एकंदर लांबी सुमारे २१ लाख ५० हजार मैल भरली. आकडा मोठा खरा. पण त्यांपैकी खडी, मुरूम किंवा तत्सम काही पसरून बांधून काढलेले रस्ते निघाले अवघे दीड लाख मैलांच्या आसपास, म्हणजे शेकडा सात. उरलेले सारे रस्ते म्हणजे घोडागाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या होत्या. पाऊस पडला की त्यांचा चिखल व्हावयाचा आणि ऊन पडले की धूळ. १८६९ मध्येच आगगाडीचे रूळ पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत जोडले गेले असल्यामुळे लांबचा प्रवास म्हणजे आगगाडीचा प्रवास, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले होते. रस्त्याचे काम एवढेच, की त्याने शेतातला माल स्टेशनापर्यंत पोहोचवावा. एका महासागरापासून दुसऱ्या महासागरापर्यंत सलग जाणारी सडक त्या देशात नव्हती आणि तिची उणीवही फारशी कोणास भासत नव्हती.

अशा देशात फटफटीवर बसून हे महाखंड ओलांडण्याचे ज्यांनी मनात आणले, त्यांना रस्ता सापडावयाचा नव्हता. तो त्यांना दररोज शोधून काढावा लागणार होता. १९०३ पासून १९१६ पर्यंतच्या तेरा वर्षांत असे जे प्रवास झाले, त्यांतील तीन विशेष विचार करण्याजोगे आहेत. पहिला एका एकट्या तरुणाचा, दुसरा एका मायलेकींचा आणि तिसरा दोघा बहिणींचा. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत यंत्र मोठे आणि बळकट होत गेले, ही गोष्ट कोणाच्याही ध्यानात येते. पण एकाचे दोन प्रवासी झाले, हा फरक यंत्रातील सुधारणेइतकाच महत्त्वाचा होता. त्याची दखल मात्र त्या काळी क्वचितच घेतली गेली.

जॉर्ज वायमन हा सॅन फ्रॅन्सिस्कोचा तरुण सायकलशर्यतींत नाव मिळविलेला होता. त्याची मोटारसायकल म्हणजे वस्तुतः सायकलच होती. तिच्या सांगाड्यात सव्वा अश्वशक्तीचे एक इंजिन बसविलेले होते आणि इंजिनाचा जोर चामड्याच्या एका पट्ट्याने मागच्या चाकास पोहोचत असे. पायटे तसेच ठेवलेले होते; कारण चढ आला की इंजिनास पायांनी मदत करणे भागच असे. आजच्या दृष्टीने पाहता हे यंत्र खेळण्यासारखे वाटेल. त्यावर गरम कपडे, हत्यारे, तेलाचे व पेट्रोलचे डबे, एक छोटा कॅमेरा आणि एक पिस्तूल एवढे सामान लादून १६ मे १९०३ रोजी दुपारी तो सॅन फ्रॅन्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरून निघाला. आपल्या प्रवासाची रोजनिशी एका मोटारसायकलविषयक मासिकास पुरविण्याचे त्याने कबूल केले होते. त्यामुळे त्याची हकीकत त्याच्याच शब्दांत मागे राहिली आहे.

कॅलिफोर्नियाच्या सपाटीतच चिखलाने त्याची परीक्षा घेतली. पुढे सिएरा नेवाडाच्या पर्वतात रस्ता म्हणण्यासारखे काही उरले नाही. तेव्हा वायमनने आगगाडीचा आश्रय घेतला. आगगाडीत तो बसला नाही. तो रुळांवरून गेला. दोन रुळांच्या मधोमध, खालच्या लाकडी स्लीपरांवरून, प्रत्येक स्लीपरागणिक एक हादरा खात त्याने आपली सायकल हाकली. हा प्रकार एकदोन दिवसांचा नव्हता. वाटेत जेथे जेथे वाळूने किंवा चिखलाने चाके गिळली, तेथे तेथे तो पुनःपुन्हा रुळांकडे वळला. पर्वतावर रूळ बर्फाखाली बुजू नयेत म्हणून रेल्वेने मैलोगणती लाकडी छपरे उभारलेली होती. त्या अंधाऱ्या, धुराने भरलेल्या बोगद्यांतून जाताना समोरून वा मागून गाडी येते की काय, याकडे कान लावून चालावे लागे. नेवाडाच्या वाळवंटात आणि वायोमिंगच्या उजाड पठारावर त्याला रात्री आसरा मिळाला तो बहुतेक रूळदुरुस्ती करणाऱ्या गँगवाल्यांच्या घरांत.

या हादऱ्यांनी यंत्राचे हाल झाले. चामडी पट्टा ताणला जाई, घसरे, तुटे. इंजिनाचा मुख्य कणा मोडला तेव्हा शिकागोस नवा भाग हाती येईपर्यंत त्यास खोळंबून बसावे लागले. अखेर न्यूयॉर्क सुमारे १५० मैलांवर राहिले असता आल्बनीजवळ इंजिनाने कायमचे मौन धरले, आणि वायमनने उरलेली सारी वाट पाय मारीत काटली. ६ जुलै १९०३ रोजी, निघाल्यापासून ५१ दिवसांनी, तो न्यूयॉर्कला पोहोचला. कोणत्याही स्वयंचलित वाहनाने ते खंड ओलांडणारा तो पहिला मनुष्य होय.

परंतु इतिहासात गाजले ते दुसरेच नाव. व्हरमाँट संस्थानातील डॉक्टर होरेशिओ नेल्सन जॅक्सन याने ५० डॉलरांच्या पैजेखातर २३ मे रोजी त्याच शहरातून मोटार हाकली आणि ती २६ जुलै रोजी, म्हणजे वायमनच्या मागाहून वीस दिवसांनी, न्यूयॉर्कला आणली. जॅक्सनबरोबर सीवॉल क्रॉकर नावाचा कुशल यांत्रिक होता आणि वाटेत घेतलेला, डोळ्यांस धुळीचा चष्मा लावलेला, बड नावाचा कुत्राही होता. मोटार, दोन माणसे आणि एक कुत्रा हे चित्र वृत्तपत्रांच्या वाचकांस आवडण्याजोगेच होते. ती मोटार पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात विराजमान झाली. चिखलाने माखलेला आणि मोडके यंत्र पायांनी रेटीत आलेला एकटा सायकलस्वार मात्र लवकरच विस्मृतीत गेला.

वायमन एकटा असूनही पार पडला, याचे श्रेय त्याच्या चिकाटीस आहे, तसेच ते त्याच्या यंत्राच्या लहानपणासही आहे. जी फटफटी एका माणसास उचलता येते, ती रुळांवर चढविता येते, ओढ्यातून खांद्यावर नेता येते, वाळूतून ढकलता येते आणि इंजिन मेले तर पायांनीही चालविता येते. हलके यंत्र अशक्त असते, तरी ते स्वाराच्या ताकदीबाहेर कधी जात नाही. पुढील दहा वर्षांत अमेरिकेतील कारखान्यांनी मोटारसायकलींस दोन नळकांड्यांची मोठी इंजिने, मजबूत सांगाडे आणि तीन गतींची योजना दिली. वेग वाढला, चढ चढण्याची शक्ती वाढली आणि त्याबरोबर वजनही कित्येक पटींनी वाढले. अशी गाडी सडकेवर उत्तम धावे. पण गुडघाभर चिखलात ती आडवी झाली म्हणजे एकट्या स्वाराने काय करावे? एकाने दांडा धरून इंजिनास गती द्यावी आणि दुसऱ्याने मागून रेटावे, एकाने चाक उचलून धरावे आणि दुसऱ्याने ते काढावे, एकाने गाडीपाशी थांबावे आणि दुसऱ्याने मदत आणावयास जावे, असा व्यवहार आता आवश्यक झाला. यंत्र मोठे झाले तेव्हा सडक नसलेल्या मुलखात जोडीदाराची गरज वाढली.

आणि सडक अद्याप नव्हतीच. १९१३ मध्ये लिंकन हायवे या नावाने न्यूयॉर्क ते सॅन फ्रॅन्सिस्को असा सुमारे ३,३८९ मैलांचा मार्ग जाहीर झाला खरा. परंतु पश्चिमेकडे तो मुख्यतः नकाशावरच होता. प्रवाशांसाठी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मार्गदर्शिकेत, संधी मिळेल तेथे पेट्रोल भरून घ्यावे आणि ओढा दिसला तर गाडी घालण्यापूर्वी स्वतः पाण्यात उतरून खोली पाहावी, असा उपदेश केलेला असे. ज्या राजमार्गावर खोरे आणि कुऱ्हाड बरोबर बाळगावी लागते, त्याची अवस्था काय होती हे निराळे सांगावयास नको.

याच स्थितीत १९१५ च्या २ मे रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून एफी हॉचकिस नावाची तरुणी आपल्या आईस घेऊन निघाली. ती वॉल स्ट्रीटवरील एका पेढीत कारकुनी करीत असे. वडिलांच्या वारशातून आलेल्या पैशांतून तिने हार्ली-डेव्हिडसन कंपनीची तीन गतींची मोटारसायकल घेतली. त्या वर्षी सॅन फ्रॅन्सिस्को येथे पनामा कालव्याच्या पूर्ततेनिमित्त मोठे प्रदर्शन भरले होते. ते पाहावयास फटफटीवरून जावयाचे असा तिचा बेत होता. आईने तिला अडविले नाही. मुलीस एकटीने जाऊ देण्यापेक्षा आपणच बरोबर जावे, असे तिने ठरविले. आईचे नाव एव्हिस. वय बावन्न वर्षांचे आणि देह चांगला स्थूल. तिच्यासाठी मोटारसायकलीच्या बाजूस साइडकार जोडण्यात आली. तीत आई, सामान आणि अटलांटिक महासागराच्या पाण्याने भरलेली एक बरणी, एवढे बसले.

या प्रवासात एफी यांत्रिक होती, स्वार होती आणि प्रसंगी शिकारीही होती. कारण ओसाड मुलखात कोयोट व विषारी साप यांच्यासाठी तिला पिस्तूल वापरावे लागले. मग आईने काय केले? ती बसून राहिली, असे वरवर पाहणारास वाटेल. पण साइडकारमध्ये बसून बेताल रस्त्याचे धक्के हजारो मैल निमूटपणे सोसणे, उन्हातान्हात मुलीची सोबत न सोडणे आणि परत फिरू या असे न म्हणणे, हे काम थोडे नव्हे. एके ठिकाणी तर बरोबरच्या साऱ्या ट्यूबी निकामी झाल्या आणि नवी ट्यूब मिळण्याजोगे गाव जवळपास नव्हते. तेव्हा घोंगडी फाडून तिच्या पट्ट्या गुंडाळण्यात आल्या, त्या टायरात कोंबण्यात आल्या आणि त्यावर पुढची मजल मारण्यात आली. ज्या देशात मोटारींच्या कारखान्यांचा एवढा बोलबाला होता, त्याच देशाच्या मध्यभागी दोन बायका घोंगडीवर गाडी चालवीत होत्या. यंत्रयुग कोठपर्यंत पोहोचले होते आणि कोठे पोहोचले नव्हते, याची ही खूण आहे.

त्या उन्हाळ्यात मायलेकी सॅन फ्रॅन्सिस्कोस पोहोचल्या. एफीने बरोबर आणलेले अटलांटिकचे पाणी प्रशांत महासागरात ओतले, प्रदर्शन पाहिले आणि त्या पुन्हा फटफटीवरूनच घरी परतल्या. जाऊनयेऊन सुमारे ९,००० मैलांचा हा प्रवास होता. मोटारसायकलीवरून अमेरिका खंड ओलांडणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. यात कसलाही विक्रम करण्याची किंवा काही सिद्ध करून दाखविण्याची ईर्षा नव्हती. मुलीस देश पाहावयाचा होता आणि आईस मुलगी एकटी जाऊ द्यावयाची नव्हती, एवढेच त्यामागचे कारण होते.

पुढच्याच वर्षी निघालेल्या बहिणींचा हेतू मात्र निराळा होता. ऑगस्टा आणि अ‍ॅडलीन व्हॅन ब्युरेन या न्यूयॉर्कच्या दोघी बहिणी. अ‍ॅडलीन शिक्षिका होती. युरोपात महायुद्ध पेटलेले होते. अमेरिका त्यात अद्याप पडली नव्हती, परंतु पडण्याची तयारी करावी असे म्हणणारांची चळवळ जोरात होती. लष्करात निरोप पोहोचविण्याचे काम मोटारसायकलस्वार करीत. हे काम स्त्रियांनी केले तर तितके पुरुष आघाडीवर जाण्यास मोकळे होतील, असे बहिणींचे म्हणणे होते. स्त्रियांस हे काम झेपणार नाही असा आक्षेप येणार, हे उघड होते. म्हणून आक्षेप येण्यापूर्वीच त्यांनी उत्तर देण्याचे ठरविले. राष्ट्राच्या स्वातंत्र्यदिनी, ४ जुलै १९१६ रोजी, त्या दोघी दोन स्वतंत्र इंडियन मोटारसायकलींवर ब्रुकलिनहून पश्चिमेकडे निघाल्या. अंगात चामड्याचा पुरुषी पोशाख आणि डोळ्यांवर धुळीचे चष्मे होते.

पहिला अडथळा आला तो रस्त्याचा नव्हे, पोशाखाचा. शिकागोच्या पलीकडील लहान गावांत पोलिसांनी त्यांना पुरुषांचे कपडे घातल्याबद्दल एकदा नव्हे, अनेकदा अटक केली. दर वेळी समज देऊन त्यांना सोडून देण्यात आले. कोलोरॅडोत त्यांनी पाइक्स पीक हे १४,००० फुटांहून उंच शिखर मोटारसायकलींवरून गाठले. यंत्राच्या बळावर ते शिखर गाठणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया होत्या. पण खरा कस लागला तो शिखरापलीकडे. रॉकी पर्वताच्या घाटांत पावसाने वाटेचा असा चिखल झाला, की जड यंत्रे जागची हलेनात. शेवटी दोघींनी ती तेथेच सोडली आणि कित्येक तास पायी चालत गिलमन या खाणकामगारांच्या वस्तीत आसरा घेतला. पुढे सॉल्ट लेक सिटीच्या पश्चिमेस सुमारे १०० मैलांवर त्या वाळवंटात वाट चुकल्या. चाकोरी वाळूत बुजलेली, जवळचे पाणी संपत आलेले आणि दृष्टीच्या टप्प्यात माणूस नाही, अशा अवस्थेत खनिजांच्या शोधात हिंडणारा एक मनुष्य आपली घोडागाडी घेऊन तेथे आला. त्याच्याजवळ पाणी होते म्हणून त्या वाचल्या.

२ सप्टेंबर रोजी, म्हणजे ६० दिवसांनी, बहिणी सॅन फ्रॅन्सिस्कोत होत्या. तेथून त्या दक्षिणेस लॉस एंजेलिसला गेल्या आणि मेक्सिकोच्या हद्दीस शिवून आल्या. एकंदर प्रवास सुमारे ५,५०० मैलांचा झाला. प्रत्येकीने स्वतःचे यंत्र स्वतः चालवीत खंड ओलांडल्याचे हे स्त्रियांच्या बाबतीतील पहिलेच उदाहरण. चिखल, पाऊस, पर्वत आणि वाळवंट यांतून लांब पल्ल्याने गाडी नेणे हीच जर निरोप्याची परीक्षा असेल, तर ती त्यांनी दिलेली होती. शिवाय त्यांनी ती दोघींनी मिळून दिली होती, आणि लष्करातही माणूस एकटा नसतोच.

या परीक्षेचा निकाल काय लागला? मोटारसायकलींच्या मासिकांनी वर्णने छापली, त्यांत गौरव झाला तो मुख्यतः यंत्राचा. एवढ्या खडतर वाटेवर गाडी किती भरवशाची ठरली, हे वाचकांच्या मनावर बिंबविण्यात आले. कोलोरॅडोतील एका वृत्तपत्राने तर राष्ट्ररक्षणाचे निमित्त पुढे करून बायका घरकाम टाळतात आणि झोकदार पोशाख मिरवितात, असा शेरा मारला. अ‍ॅडलीनने निरोप्याच्या कामासाठी लष्कराकडे रीतसर अर्ज केला. तो नामंजूर झाला. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा दोघी बहिणींनी सिद्ध करून दाखविलेली योग्यता लष्करास उपयोगी पडली नाही. त्या वेळी बहुतेक संस्थानांत स्त्रियांस राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देण्याचाही अधिकार नव्हता. तो सर्व देशभर मान्य झाला १९२० मध्ये.

याच वर्षातील दुसरी एक घटना येथे नमूद करण्याजोगी आहे. बहिणी ब्रुकलिनहून निघाल्यास अवघा एक आठवडा झाला होता, तेव्हा ११ जुलै १९१६ रोजी प्रेसिडेंट विल्सन यांनी रस्त्यांच्या बांधणीस मध्यवर्ती सरकारातून मदत देणाऱ्या कायद्यावर सही केली. ज्या वाटा त्या दोघी त्या वेळी तुडवीत होत्या, त्यांच्या सुधारणेचा हा आरंभ होता. पण सडका कायद्याने एका दिवसात होत नाहीत. तीन वर्षांनी, १९१९ च्या उन्हाळ्यात, लष्कराने वॉशिंग्टनहून सॅन फ्रॅन्सिस्कोकडे ८१ वाहनांचा तांडा पाठविला. त्यात मालमोटारी होत्या, मोटारसायकली होत्या, दुरुस्तीची सामग्री होती आणि अडीचशेहून अधिक माणसे होती. वाटेत पूल मोडले, गाड्या वाळूत आणि चिखलात रुतल्या, दोरखंडांनी ओढून काढाव्या लागल्या. हा तांडा मुक्कामास पोहोचला ६२ दिवसांनी.

व्हॅन ब्युरेन बहिणींस लागले होते ६० दिवस. त्यांचा मार्ग निराळा होता आणि लष्करी तांड्याचे ओझेही निराळे होते, ही गोष्ट खरी. तरीदेखील ज्या लष्कराने बहिणींचा अर्ज परत केला, त्यास तीच वाट चालून पाहिल्यावर तिची कठिणता नीट समजली असेल, असे म्हणावयास हरकत नाही. त्या तांड्याबरोबर निरीक्षक म्हणून एक तरुण लेफ्टनंट कर्नल होता. त्याचे नाव ड्वाइट आयझेनहॉवर. हाच पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि १९५६ मध्ये त्यानेच ४१,००० मैल लांबीच्या देशव्यापी महामार्गांच्या कायद्यावर सही केली. त्या मार्गांमुळे दोन महासागरांमधील अंतर मोटारीने चारपाच दिवसांत ओलांडण्याइतके जवळ आले.

प्रवासिनी मात्र थांबल्या नाहीत. अ‍ॅडलीनने न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्याची पदवी संपादन केली. ऑगस्टा विमान चालवावयास शिकली आणि अमेलिया एअरहार्ट हिच्या पुढाकाराने निघालेल्या ‘नाइन्टी-नाइन्स’ या महिला वैमानिकांच्या संस्थेत काम करू लागली. अ‍ॅडलीन १९४९ मध्ये आणि ऑगस्टा १९५९ मध्ये निवर्तली. वायमनही १९५९ मध्येच गेला. २००२ मध्ये अमेरिकन मोटारसायकलस्वारांच्या संघटनेने आपल्या सन्माननीयांच्या मालिकेत बहिणींचे नाव घातले. तोपर्यंत त्यांच्या प्रवासास ८६ वर्षे लोटली होती.

या तीन प्रवासांचा एकत्र विचार केला म्हणजे यंत्राच्या शक्तीचा हिशेब अपुरा वाटू लागतो. सव्वा अश्वशक्तीचे इंजिन न्यूयॉर्कपर्यंत टिकले नाही, पण स्वार पोहोचला. हार्लीच्या ट्यूबी टिकल्या नाहीत, पण मायलेकी पोहोचल्या. इंडियनची जोरदार यंत्रे रॉकी पर्वताच्या चिखलात पडून राहिली आणि बहिणी पायी चालून गेल्या. मग मदत घेऊन त्यांनी ती बाहेर काढली. यंत्र जेथे संपले तेथून पुढे प्रत्येक वेळी माणसाने वाट काढली. ही वाट काढताना वायमनला गँगवाल्यांच्या घरांचा आधार होता, एफीला आईचा होता आणि व्हॅन ब्युरेन बहिणींना एकमेकींचा. सडक झाल्यावर असा आधार लागेनासा होतो, आणि मग ज्यांनी तो दिला त्यांची आठवणही राहत नाही. गँगवाल्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. वाळवंटात पाणी घेऊन आलेल्या त्या मनुष्याचेही नाव कोठे आढळत नाही. पण त्यांच्यावाचून यांपैकी एकही प्रवास पुरा झाला नसता.